जिजीची शिकवणी

शिवरात्र होऊन गेली होती. आमच्याकडे जळगावला तेव्हा थंडी गेलेली असते आणि पंखा अजून नकोसा वाटतो. असे दिवस इथे फार थोडे मिळतात. त्यातल्याच एका सकाळी आबा ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. वाचत म्हणजे तपासत. हातात लाल पेन. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी माझे हे आजोबा रोजचं वर्तमानपत्र मुलांच्या वहीसारखं तपासायचे. चुकलेल्या वेलांटीभोवती गोल काढायचे. मी चहा घेऊन गेले तेव्हा पेन खाली पडलं होतं आणि त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा ओघळल्यासारखा झाला होता. माझ्याकडे बघून ते काहीतरी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा एकही शब्द मला कळला नाही.

होळीच्या आधी दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय गेला होता. वाचा गेली होती. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. कोण काय बोलतंय, सगळं. फक्त शब्द सापडत नाहीत. सरावानं थोडंफार परत येईल."

हॉलमध्ये खिडकीखाली लोखंडी कॉट टाकली. वडील पाचोऱ्याला नोकरीला, सकाळच्या गाडीनं जायचे ते दिवेलागणीलाच परत. आई शिक्षिका, तिच्या शाळेत परीक्षांची गडबड. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. माझं टेबल हॉलला लागून असलेल्या खोलीत. म्हणजे दिवसभर घरात आम्ही तिघंच. आबा, मी आणि जिजी, म्हणजे माझी आजी.

जिजीबद्दल लोक म्हणायचे, फार कमी बोलते बिचारी. स्वभावच शांत. तो स्वभाव नव्हता.

ती साक्रीकडच्या एका खेड्यातली. तिच्या घरात, गल्लीत, शेतात बठ्ठे, म्हणजे सगळेच, अहिराणी बोलायचे. आबाही तिकडचेच, धुळे तालुक्यातले, त्यांच्या आईलाही दुसरी भाषा येत नव्हती. पण मास्तरकीचं शिकायला गेले आणि तिकडून येताना ती भाषा अंगावरून उतरवून आले. मग नवीन लग्न झालेल्या बायकोच्या अंगावरून ती उतरवायचं काम त्यांनी हाती घेतलं.

त्यांची पद्धत मला माहीत होती, कारण ती माझ्यावरही चालली. लहानपणी मी शेजारच्या पोरींबरोबर खेळून यायचे, तहान लागलेली असायची, आणि तोंडातून निघून जायचं, "आबा, पानी."

आबा माठातून पेला भरायचे आणि हातात धरून ठेवायचे.

"पानी नाही. पाणी. ण. जीभ वर लाव."

जमलं की पेला मिळायचा. नाही जमलं तर ते शांतपणे उभे राहायचे. ओरडायचे नाहीत कधी. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. जिजीला मात्र ते पाहुण्यांसमोर करायला लावायचे. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि चुकून "दूध कमी शे" म्हणाली, की तिला ट्रे हातात घेऊन तिथेच थांबवायचे. "शे नाही. आहे. म्हण." ती म्हणायची. पाहुणे हसायचे, कारण आबाही हसत असायचे. सगळं थट्टेच्या सुरात. चहा निवायचा.

हळूहळू तिने बोलणंच आवरतं घेतलं. हो, नाही, झालं, वाढू का. एवढ्यात संसार झाला.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस खातात. जिजीला लग्नानंतर थोडीच वर्षं जाता आलं. माझे वडील लहानपणी बोलायला लागले तसं आबांनी ते बंद केलं. मुलगा आजोळी गेला की जीभ बिघडवून येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाला ठेवून एकटी जा म्हणाले असते तर तीही गेली नसती, हे त्यांना ठाऊक होतं.

तर आबांना घरी आणल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी लॅपटॉप उघडून बसले होते. आई-वडील गेले होते. हॉलमधून एका बाईचा आवाज आला. मोठा, मोकळा, जरासा घोगरा.

"ऊठ रे. दिन कितला वर उना देख. आते काय दिनभर झोपी राहशील?"

मला वाटलं, कामाला येणारी कोणी नवीन बाई आहे. बाहेर येऊन पाहिलं तर जिजी. कमरेला पदर खोचून कॉटजवळ उभी. तिने आबांची उशी सारखी केली, पातेल्यातलं कोमट पाणी घेऊन त्यांचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता बोलत होती. आज शेजारच्यांच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकताहेत. ज्वारी आंबल्याचा वास इथपर्यंत येतोय. दूधवाल्याने पाणी घातलंय. तिची चप्पल तुटली. सगळं अहिराणीत, आणि सगळं 'अरे-तुरे'त. ज्या माणसाला तिने उभ्या जन्मात 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती, त्याला.

आबा तिच्याकडे बघत होते. डावा डोळा मोठा झाला होता. त्यांनी तोंड उघडलं, "अं... अं..." असा आवाज काढला.

"बोल," जिजी म्हणाली. "बोल ना. मी आयकस."

आणि खरोखर कॉटच्या कडेला बसून, हात मांडीवर ठेवून ती ऐकत राहिली. आबांच्या कपाळावर घाम आला. काही निघालं नाही. ती उठली आणि भाकरी करायला गेली.

दिवसभर ती बोलायची. मी आईला सांगितलं, तेव्हा आई हसली. "बोलू दे गं. डॉक्टरांनीच सांगितलंय, त्यांच्याशी बोलत राहा." आईला ते 'तू' कळलं तेव्हा मात्र ती गप्प झाली. एका रविवारी पोहे करताना मला म्हणाली, "मला तर बाई भीती वाटते ऐकताना. पण गोडही वाटतं." आईही या घरात सून म्हणूनच आली होती. तिच्या बाळंतपणात आलेल्या माहेरच्या पत्राचं शुद्धलेखन आबांनी तपासून दिलं होतं.

होळी झाली. गल्लीतल्या मुलांच्या गळ्यात साखरेचे हार-कंगन दिसायला लागले. उन्हाला धार आली. मार्चमध्ये आमच्या भागात दहावी-बारावीचे पेपर असतात, सकाळी रिक्षा भरभरून पोरं केंद्रावर जातात, आणि आबा दरवर्षी त्या दिवसांत ओट्यावर उभे राहून त्यांना बघायचे. बरीच वर्षं ते परीक्षा केंद्राचे प्रमुख होते. घरातलं सगळं जग त्या दिवसांत पाय न वाजवता चालायचं.

अशाच एका दुपारी माझी मीटिंग चालू होती. माझा माईक बंद होता. हॉलमध्ये जिजी आबांना ताक पाजत होती. चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"मन्ही माय मरनी," जिजी म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, भाजी आणली म्हणावं तसं. "असाच पेपर चालू व्हतात. भाऊनी मानूस धाडा. तू त्याले शायना फाटकवरथीनच वापस लावा. माले सांगं नही."

मी हेडफोन काढून ठेवला.

ती सांगत राहिली. मला काही शब्द अडले, पण गोष्ट कळली. तिची आई गेल्याचा निरोप घेऊन गावाहून माणूस आला होता. तो थेट शाळेत गेला, कारण त्याला घर माहीत नव्हतं. आबांनी त्याला सांगितलं, मी निरोप देतो, तू जा. आणि घरी येऊन जेवले. परीक्षेचे पेपर संपेपर्यंत ते जेवले, झोपले, सकाळी इस्त्रीचे कपडे घालून गेले. घरात रडारड नको होती, बायको माहेरी गेली तर डबा कोण करणार होतं. शेवटचा पेपर झाला तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. ती गावाला पोचली तेव्हा राखही नदीत गेली होती. भावाने तिला दारातच विचारलं, आता कशाला आलीस? त्याला वाटलं, हिला निरोप मिळूनही ही आली नाही. ती काही बोलली नाही. नवऱ्याचं नाव कसं सांगणार? तो भाऊ पुढे कितीतरी वर्षं तिच्याशी बोलला नाही.

"तिन्हं तोंड बी माले दखाले मियनं नही," ती म्हणाली. "तुले ठाऊक व्हतं. तू मन्हा हातनं वरन-भात खात व्हता आनि तुले ठाऊक व्हतं."

 मी दारात गेले. आबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहून कानात जात होतं. जिजीने पदराने ते पुसलं नाही. तिने वाटी उचलली, ताक ढवळलं आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

"पी," ती म्हणाली. "खारं शे. उनमा चांगलं."

डॉक्टरांच्या ओळखीने वाचेचे व्यायाम शिकवायला एक मुलगी यायला लागली होती. आठवड्यातून एकदा यायची, स्कूटीवरून, तोंडाला ओढणी गुंडाळून. ती चित्रं दाखवायची. फूल, गाय, चप्पल. आबा तिच्याकडे बघायचेही नाहीत. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना फळ्यासमोर उभं केलं, त्यांना एक पोरगी गाय दाखवत होती.

पहिला शब्द त्यांनी तिच्यासमोर काढला नाही. तो जिजीसमोर निघाला. पाडव्याच्या आधीची दुपार होती. कूलर अजून माळ्यावरून काढला नव्हता आणि हॉल तापला होता. जिजी कडुलिंबाचा कोवळा पाला निवडत बसली होती. कॉटवरून आवाज आला, तुटका पण स्वच्छ.

"पा... नी."

मी खोलीतून धावत आले. मला खरंच आनंद झाला होता. पण आणखी एक गोष्ट मला जाणवली. आबांच्या तोंडून 'पानी' मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या आईकडे तसंच म्हणत असणार. इतक्या वर्षांच्या व्याकरणाखालून तेच वर आलं होतं.

जिजीने पाला खाली ठेवला. हात झटकले. माठातून पेला भरून आणला, कॉटजवळ उभी राहिली, आणि पेला हातात धरून ठेवला.

"पानी नाही," ती म्हणाली. "पाणी. ण. जीभ वर लाव."

इतकं शुद्ध, इतकं टापटिपीचं मराठी मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. 'ण' तर असा, की टाळूवर उमटल्यासारखा. तिला तो येत होता. कधीपासून येत होता कोण जाणे.

आबांनी पेल्याकडे पाहिलं. "पा... नी."

"नाही. पाणी."

"पा..."

"ण."

आबांची जीभ दातांत अडकत होती. लाळ हनुवटीवर आली. मी म्हणाले, "जिजी, दे ना गं."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आवाज चढवला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता. नेहमी असायचा तसाच, वरण फोडणीला टाकताना असतो तसा चेहरा. ती थांबली. मी तिच्या हातातून पेला घेऊ शकले असते. घेतला नाही. मला बघायचं होतं.

शेवटी आबांनी काहीतरी काढलं. 'ण' नव्हता, पण 'न'ही नव्हता. जिजीने मान हलवली, "जमेल," म्हणाली, आणि पेला त्यांच्या तोंडाला लावला. ते इतक्या घाईने प्यायले की ठसका लागला. तिने पाठ चोळली.

मग रोज शिकवणी सुरू झाली. पाण्याची, चहाची, भाकरीची, उशीची. जे हवं ते नावानं मागायचं, आणि नाव नीट घ्यायचं. खिडकी उघडायची असेल तर 'खिडकी'. 'खिडकी' म्हणता येईपर्यंत जिजी कडीवर हात ठेवून उभी राहायची, आणि आबा उन्हात भाजत असायचे. सिगारेट, तंबाखू असली कसली सवय त्यांना नव्हती. एकच होती, जेवणानंतर गुळाचा खडा. तो ती चिमटीत धरायची. "गूय नाही. गूळ. ळ." अहिराणीत 'ळ' नाही. आबांच्या जिभेवरून तो घसरून जायचा. कधी कधी शिकवणी इतकी लांबायची की गूळ तिच्या बोटांना चिकटायचा. मग ती ती बोटं पदराला पुसून टाकायची आणि म्हणायची, "उद्या."

एका रविवारी वडिलांनी ते पाहिलं. ते बाजारातून आले, हातात पिशव्या. फैजपूरकडच्या कोणीतरी केळ्यांचा घड दिला होता, तो खांद्यावर. त्यांनी दारातूनच जिजीचा तो आवाज ऐकला आणि जागच्या जागी उभे राहिले.

"जिजी, हे काय चाललंय?"

"शिकवणी."

"अगं, पाणी मागताहेत ते! द्यायचं सोडून..."

त्यांनी घड तिथेच टाकला, पेला तिच्या हातातून घेतला आणि आबांना पाजला.  आबा पीत असताना जिजी वडिलांकडे बघत होती.

"तुला गोवर आला होता," ती म्हणाली. वडिलांशी ती प्रमाण मराठीतच बोलायची. त्यांना तसंच वाढवलं होतं. "अंगात ताप. तू पानी म्हणालास. यांनी तुला तसंच ठेवलं. मी पेला घेऊन आले तर मला म्हणाले, मध्ये यायचं नाही. आठवतं तुला?"

 वडिलांना आठवत असावं, कारण त्यांनी पेला माझ्या हातात दिला, घड उचलला आणि मागच्या खोलीत जाऊन तो टांगत बसले. कितीतरी वेळ तो दोर बांधत होते. त्या दिवसानंतर रविवारी सकाळी त्यांना बाहेरची कामं निघायला लागली.

आणि स्कूटीवरची ती मुलगी. तिने आबांना तपासलं, चित्रं दाखवली, आणि आबांनी चपलेला 'चप्पल' म्हटलं. ती खुर्चीवरून उठलीच.

"आजी, घरी सराव कोण घेतं?"

"मीच."

"कसा घेता?"

जिजीने सांगितलं. मी दारात उभी होते, मला वाटलं आता ही मुलगी काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "अहो, अगदी बरोबर करताय तुम्ही! मागितल्याशिवाय द्यायचं नाही, शब्द काढून घ्यायचा. सगळे नातेवाईक लाड करतात आणि पेशंट तसाच राहतो. फक्त दोनदा चुकलं तर देऊन टाकायचं हं. आणि रागवायचं नाही."

"मी कशाला रागवू?" जिजी म्हणाली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली. मी चहा टाकायला आत गेले.

चैत्र संपत आला. उन्हाने रस्त्यावर माणूस दिसेनासा झाला. गच्चीवर आमच्याही बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड वाळायला लागले. जिजी पहाटे उठून चीक शिजवायची, उन्हं वर यायच्या आत सगळं घालून खाली यायची, आणि मग शिकवणी. आबांचे शब्द वाढत होते. आता ते दोन शब्द जोडायचे. 'चहा गरम.' 'पंखा लाव.' 'ण' जमायला लागला होता. 'ळ' मात्र जमला नाही. बघायला येणारी माणसं चकित व्हायची आणि जिजीला म्हणायची, तुमची पुण्याई.

आखाजीला आत्या आली. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला माहेरी यायला आबांनी कधी अडवलं नाही. अंगणात खापर तापवून त्यावर जिजीने हातावरच्या पुरणपोळ्या टाकल्या, चादरीएवढ्या. पूर्वजांच्या नावाने घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबे ठेवले, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकली. आंब्याचा रस पातेलं भरून होता. दुपारी आबांचे दोन जुने विद्यार्थी भेटायला आले. दोघंही आता पोक्त, एक तर स्वतः मुख्याध्यापक. सगळे हॉलमध्ये जेवायला बसले. आबांना उशांच्या आधाराने बसवलं होतं, गळ्यात टॉवेल.

आत्या म्हणाली, "जिजी, आबा बोलतात म्हणे आता! आम्हाला दाखव ना."

जिजी आतून एक आंबा घेऊन आली. कॉटजवळ उभी राहिली. सगळे जेवायचं थांबून बघायला लागले. तिने आंबा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय आहे?"

आबा बोलले नाहीत.

"सांग. सगळे थांबलेत. हे काय आहे?"

विद्यार्थी हसले, कौतुकानं. एक म्हणाला, "सर, आता तुमची परीक्षा!" सगळे हसले. आबांच्या मानेवरची शीर ताठ झाली. त्यांनी आंब्याकडे पाहिलं नाही. त्यांनी जिजीकडे पाहिलं, वर, चेहऱ्याकडे, आणि ओठ जुळवले. सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात ते म्हणाले,

"गावं... ढळ."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, यावेळी सलग. "गावंढळ बाई."

'ळ' आला होता. पहिल्यांदा, स्वच्छ, टाळूला लागून.

मुख्याध्यापक झालेला विद्यार्थी टाळ्या वाजवायला लागला. "सर परत आले! हेच आमचे सर!" आत्या रडत होती आणि हसत होती. वडिलांनी डोळे पुसले. आईने माझा हात धरला होता, तो जोरात दाबला. आबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. तेच जुनं, पाहुण्यांसमोरचं.

जिजीही हसली. तिने आंबा आत्याच्या ताटात ठेवला आणि सगळ्यांना रस वाढला. आबांना तिने स्वतःच्या हाताने पोळी कुस्करून भरवली, काहीही विचारलं नाही. मला वाटलं, दुखावली. पण ती दुखावलेली दिसत नव्हती. तिचं काहीतरी ठरलं होतं, एवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शिकवणी झाली नाही. त्यानंतर कधीच झाली नाही.

आबांना तहान लागायच्या आत पाणी त्यांच्या ओठांशी असतं. ऊन खिडकीत यायच्या आत पडदा ओढलेला असतो. चहा गरम, उशी सारखी, जेवणानंतर गुळाचा खडा आपणहून जिभेवर. जिजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सगळं ओळखते. इतकी वर्षं दुसरं काय केलं तिने? मागायची वेळच ती येऊ देत नाही. आणि ती त्यांच्याशी बोलत नाही. एक शब्द नाही, अहिराणीत नाही की मराठीत नाही. बोलते ती गच्चीवर, शेजारणींशी, पापड उलटताना, मोठमोठ्याने.

सुरुवातीला आबा शब्द काढायचे. "पाणी," म्हणायचे, अगदी नीट, 'ण'सकट, आणि तिच्याकडे बघायचे. पेला आधीच समोर असायचा. काही दिवसांनी ते म्हणेनासे झाले. मी सराव घ्यायचा प्रयत्न केला. आंबा दाखवला, चप्पल दाखवली. ते तोंड मिटून दाराकडे बघत राहायचे, ती येते का म्हणून. वैशाख सरत आला आणि शब्द गळायला लागले. 'खिडकी' गेली, 'उशी' गेली. स्कूटीवरची मुलगी गोंधळली. "इतकं छान चाललं होतं, आजी. मागे का आले?"

"वय झालं," जिजी म्हणाली.

शेजारच्या काकू मला परवाच म्हणाल्या, "अशी सेवा आजकाल कोण करतं गं? माणसाला मागावंसुद्धा लागत नाही."

गेल्या आठवड्यात जिजीच्या भावाच्या नातीचं लग्न होतं, साक्रीकडे. भाऊ स्वतः येऊन पत्रिका देऊन गेला होता. जिजीने वडिलांना सांगितलं, मी जाते, चार दिवस राहीन. कोणी नाही म्हणालं नाही. तिने नवं लुगडं नेसलं, पिशवी भरली. धुळ्याची बस सकाळचीच होती आणि रिक्षा दारात उभी होती.

ती कॉटजवळ गेली. आबांना कळलं होतं. त्यांनी डावा हात उचलून तिच्या पदराचं टोक धरलं. तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याचं हाड वरखाली झालं. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. काय ते मला माहीत नाही, आणि कळणारही नाही. "अं," असा आवाज आला. "अं... अं..."

जिजी थांबली. पिशवी खाली ठेवून थांबली. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तरी थांबली. आबांच्या कपाळावर घाम आला.

मग तिने त्यांची बोटं एकेक करून पदरातून सोडवली.

"जास मी," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी. आणि गेली.

मी दार लावून घेतलं. बाहेरून गरम वारा आत यायला लागला होता.